सातव्या ओळीचा बिघाड

१

माझे पणजोबा शह्हात. ते हुक्क्याच्या लाकडी नळ्या कातीत असत. त्यांचे पुत्र बयूमी; त्यांनी त्याच नळ्या पितळेत ओतल्या. बयूमींचे पुत्र सब्री, म्हणजे माझे वडील. अलेक्झांड्रियातल्या निम्म्या स्वयंपाकघरांतले रॉकेलचे स्टोव्ह त्यांच्या हातून गेले. सब्रींना मुलगा झाला नाही. मी झाले, इन्शिराह. गल्लीने त्याबद्दल त्यांची पुष्कळ कीव केली आणि पुढे सारी गल्ली आपल्या मोडक्या वस्तू निमूटपणे माझ्याकडेच घेऊन आली.

आज मी ई-सिगारेटच्या टाक्या दुरुस्त करते. ज्यांना हे हलके काम वाटते, त्यांनी केसाएवढ्या तारेचे सहा वेढे सारख्या अंतराने घालून त्यातून कापूस ओवून दाखवावा. कापूस दाटला तर ओढणाऱ्याचा घसा जळतो, विरळ राहिला तर टाकी गळते. आग आणि हवा ह्यांची नीट गाठ घालून देणे, हेच आमच्या घराण्याचे काम आहे. फक्त आगीचे भांडे बदलत गेले. माझ्या दुकानाच्या दारावर दोन कागद आहेत. काचेवर, गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी, बिघाडांचा तक्ता. आणि दाराच्या चौकटीवर, माझ्या सोयीसाठी, एक पाटी : ‘काम नसेल त्याने थांबू नये.’

जानेवारीतल्या एका गुरुवारी सकाळी साडेनऊला समोरच्या इमारतीच्या जिन्यात फटाका फुटावा तसा आवाज झाला. मी भिंग डोळ्यावरून काढून बाहेर गेले. खालच्या पायरीवर कप्तान हिल्मी बसले होते. बाहेरून येणारी जहाजे तीस वर्षे ज्यांनी वाट दाखवून बंदरात आणली, ते हे गृहस्थ. उजवा हात त्यांनी कोटाखाली दाबून धरला होता. पायाशी त्यांच्या ई-सिगारेटची पितळी नळी फाटून पडली होती. तिच्या डोक्यावरची टाकी मात्र शाबूत होती.

“कप्तान, हात दाखवा.”

“काही नाही, हाज्जा. काही नाही.” गल्ली मला आदराने हाज्जा म्हणते. बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही.

लोक जमले. त्यांना उचलून इस्पितळात नेले. गर्दी पांगताना माझ्या पाठीमागून कुणीतरी म्हणाले, “टाकी हाज्जानेच बांधलेली ना? म्हातारीचे डोळे गेले आता.”

चार पिढ्यांत आमच्या दाराशी हे वाक्य कुणी उच्चारले नव्हते. आणि टाकी खरोखरच मी बांधलेली होती, आठच दिवसांपूर्वी.

२

दुपारी फौजदार मुन्तसिर आले. त्यांच्यासोबत कप्तानांचा एकुलता एक मुलगा शरीफ होता. तो दोहाला नोकरी करतो आणि आदल्याच संध्याकाळी वडिलांना भेटायला आला होता.

“हाज्जा, माझ्या आईचा स्टोव्ह तुम्ही दुरुस्त करायच्या,” फौजदार म्हणाले, “म्हणून बसून बोलतोय. नाहीतर उभ्यानेच बोललो असतो.”

“बसलात ते बरं केलंत. बोला.”

“तक्रार आहे. कप्तानांची दोन बोटं जाणार. रविवारी सकाळी मला अहवाल द्यायचाय. चूक तुमची निघाली तर दुकानाला सील, आणि पुन्हा हत्यार हाती धरणार नाही असं लिहून द्यायचं.”

“आणि माझी नाही निघाली तर?”

उत्तर शरीफने दिले. “खाला, मी तुमच्यावर उठलेलो नाही. पण दोघांपैकी एकाचे हात कामातून गेलेत. तुमचे, नाहीतर बाबांचे. तुमचे असतील तर बाबा इथे राहू शकतात. माणूस दुसऱ्याच्या चुकीने भाजतो, त्यात त्याचा काय दोष? पण बाबांनीच काही केलं असेल, तर उद्या ते गॅस उघडा टाकतील. मग मंगळवारी मी त्यांना घेऊन जाणार. दोन तिकिटं काढून ठेवलीत.”

“दोहाला तुझे वडील करतील काय?”

“बसतील. एसी आहे.”

मी फौजदारांकडे हात पसरला. त्यांनी पिशवीतून टाकी काढून दिली. ती तेलकट अर्काने काठोकाठ भरलेली होती. मी ती सांडणार नाही इतपत तिरपी करून तिचे बूड भिंगाखाली धरले.

ज्या नळीवर ही टाकी बसे, तिच्यात कसलेही यंत्र नव्हते : तळाशी बटण, आत बॅटरी आणि बॅटरीच्या डोक्याला थेट टेकणारी टाकीच्या बुडाची पिन. ही पिन टाकीच्या बुडापासून तांदळाच्या दाण्याच्या टोकाएवढी तरी बाहेर असावी लागते. ती आत गेली तर बॅटरीला टाकीची कड टेकते, आणि बटण दाबताच सारी वीज एका क्षणात सुटून बॅटरी फुटते. अशा टाकीची पिन बाहेर काढून बसवणे ही दुरुस्त करणाऱ्याची पहिली जबाबदारी असते.

पिन पूर्ण आत होती. आणि तिला शेवटचा हात लागला होता तो, सगळ्या जगाच्या माहितीप्रमाणे, माझा.

३

त्या संध्याकाळी मी दिवा लावला नाही. पती फतही जाऊन अकरा वर्षे झाली. मुली कॅनडात, दर शुक्रवारी फोन येतो आणि नातवंडे मला ज्या भाषेत नमस्कार करतात ती मला कळत नाही. मला दिवसभर हाक मारतात त्या वस्तू. टेबलावरची हत्यारे मी अंधारात बोटांनी मोजून पाहिली. सगळी जागच्या जागी होती. हातांना सारे कळत होते. पण डोळ्यांचे काय?

माझ्या हातून पूर्वी एकदा प्रमाद घडला होता. तो गल्लीला ठाऊक नाही. म्हणूनच मी स्वतःला निर्दोष धरून चालू शकत नव्हते.

शुक्रवारी सकाळी मी फौजदारांच्या कचेरीत गेले. स्पिरिट, कापूस आणि फतहींचे घड्याळदुरुस्तीचे भिंग बरोबर घेऊन. फौजदारांनी टाकी दिली आणि ते चहा सांगायला उठले. बुडावरची काजळी मी हलक्या हाताने पुसली.

फतही घड्याळाचा कोणताही स्क्रू बसवला की त्यावर आणि शेजारच्या धातूवर मिळून लाल लाखेची एक बारीक रेघ ओढीत. पुढे कुणी तो स्क्रू फिरवला तर रेघ तुटते आणि कितपत फिरवला तेही कळते. ती सवय मी त्यांच्याकडून घेतली. पिनेवर माझी रेघ होती. बुडावरही होती. पण दोन्ही तुकडे एकमेकांसमोर नव्हते. पिन माझ्यानंतर कुणीतरी आतल्या दिशेने जवळजवळ दीड फेरा फिरवली होती.

आणखीही काही दिसले. पिनेची खाच ओरबाडलेली होती. पाते खाचेपेक्षा रुंद होते आणि दोनदा निसटले होते. शिवाय टाकी भरलेली. बुडाला हात घालायचा तर पहिल्याने टाकी रिकामी करून पालथी करावी लागते. हे काम शिकणारा पहिल्या दिवशी शिकतो.

माझे डोळे शाबूत होते. हे फौजदारांना मी तिथेच सांगितले नाही. अर्धे जुळलेले काम गिऱ्हाइकाच्या हाती देऊ नये, असे सब्री म्हणत. कुणी फिरवली, हे कळल्यावाचून काम पुरे होत नव्हते.

४

कॉफीखान्यातला गाबिर चाळीस वर्षे हुक्के भरतो. मी दारात उभी राहताच त्याने खुर्ची पुसली.

“हाज्जा आमच्याकडे? आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?”

“वाचाळपणा पुरे. कप्तान बुधवारी आले होते?”

“संध्याकाळी. त्या कोपऱ्यात. ते तुमचं वाफेचं खेळणं ओढत होते. मी म्हटलं, कप्तान, माझा हुक्का सोडून ह्या शिट्टीत काय ठेवलंय? तर म्हणतात, ह्याला दुरुस्ती लागते गाबिर, तुझ्या हुक्क्याला लागत नाही.”

“म्हणजे बुधवारी ती चालत होती.”

“इंजिनासारखी.”

“तू हात लावलास तिला?”

“एकदा लावला होता, दीड महिन्यापूर्वी, गळत होती तेव्हा. ओला कागद गुंडाळला सांध्याला, आपल्या पद्धतीने. तुम्ही दुसऱ्या दिवशी मला गाढव म्हणालात.”

ते मी म्हणाले होते. हुक्क्यात जिथे गळते तिथेच दोष असतो, म्हणून हुक्केवाला सांधा आवळतो आणि कागद गुंडाळतो. टाकीत बुडाशी गळते आणि दोष वर, कापसात असतो. गाबिरने पिनेला हात लावला असता तर शेजारी कागदाचा तंतू सापडलाच असता. तो नव्हता.

मोठ्या रस्त्यावरचा वग्दी तयार यंत्रे विकतो. एक बिघडले की फेकून दुसरे घ्यायचे. मला पाहून तो काउंटरमागून उठला नाही.

“बुधवारी दुपारी आले होते कप्तान. नवीन दाखवलं. कधीच गळत नाही, म्हटलं. म्हणाले, मग मला नको.”

“असं म्हणाले?”

“अगदी असंच. खाला, तुमचं गिऱ्हाईक पळवायचं असतं तर मी त्यांच्या वस्तूत खोडी कशाला करीन? पाच वर्षांत दुकान तसंही आमच्याच...”

“पाच वर्षांनी ये सांगायला. तुझा स्क्रूड्रायव्हर दाखव.”

त्याच्याकडे सर्व मापांची पाती होती, नवी, न वापरलेली. ज्याच्याकडे योग्य माप आहे तो खाच ओरबाडीत नाही.

शरीफला मी त्याच्या वडिलांच्या घरी गाठले. माझ्याकडची तशीच एक टाकी त्याच्या हाती दिली आणि म्हटले, “उघड.” त्याने ती वरून ओढली, मग फिरवली, मग खेळण्यासारखी हलवली. बुडाशी पिन असते, हेच त्याला ठाऊक नव्हते.

“बुधवारी रात्री इथे कोण आलं होतं?”

“कुणी नाही, खाला. दार आतून बंद. मी होतो आणि बाबा.”

परत फिरताना स्वयंपाकघरातल्या एकाच कपाकडे, एकाच ताटलीकडे माझे लक्ष गेले. मुलगा आला तरी दुसरा कप काढलेला नव्हता. कदाचित दुसरा नव्हताच.

तिन्ही नावे खोडली गेली होती. मागे राहिले होते एकच नाव, आणि त्याला कारण जोडता येत नव्हते. जो भाजला त्यानेच पिन का फिरवावी?

५

शनिवारी सकाळी मी दुकान उघडले ते बिघाडांच्या वहीसाठी. प्रत्येक टाकीचा त्रास मी तारखेनिशी लिहून ठेवते. वस्तूचा स्वभाव त्याने कळतो. कप्तानांची पाने काढली.

सहा आठवड्यांपूर्वी, गुरुवार : बुडाशी गळते. पुढचा गुरुवार : ओढताना गुडगुडते. त्यापुढचा : घसा जळतो, करपट चव. मग : तोंडात थेंब उडतात. मग : वाफ कमी. मग स्फोटाच्या आधीच्या गुरुवारी : मध्येच चालते, मध्येच बंद पडते, तारेचा स्क्रू ढिला.

सहा गुरुवार, सहा बिघाड, आणि एकही दुसऱ्यांदा नाही. वस्तू अशी वागत नाही. गळणारी टाकी पुन्हा गळते. तिला एक खोड असते आणि ती त्या खोडीवर परत येते. हे पान वाचताना मला वाटू लागले की हे मी पूर्वी कुठेतरी सलग वाचले आहे, ह्याच क्रमाने.

मी मान वर केली. काचेवर माझ्याच अक्षरातला तक्ता उजेडाला उलटा दिसत होता.

ओळ पहिली : बुडाशी गळते. दुसरी : गुडगुडते. तिसरी : घसा जळतो. चौथी, पाचवी, सहावी. एकामागून एक, आठवड्याला एक. आणि सातवी ओळ : ‘अजिबात चालू होत नाही. कारण : बुडाची पिन ढिली.’

त्या ओळीखाली दुसरे काही लिहिलेले नव्हते. पिन आत गेली तर काय होते, हे मी लिहिले नव्हते. गिऱ्हाईक तिथे हात घालील असे माझ्या मनातही आले नव्हते.

मी चौकटीवरच्या पाटीचा शब्द न् शब्द वाचला, मग दाराला कुलूप घातले आणि इस्पितळाची वाट धरली.

६

खिडकीजवळच्या खाटेवर कप्तान बसले होते. हाताचा पांढरा गोळा मांडीवर होता.

“सातवी ओळ, कप्तान,” मी म्हणाले.

त्यांनी नजर खिडकीबाहेर वळवली. “सहा नीट जमल्या होत्या.”

“कुठे जमल्या? तिसऱ्या वेळी कापूस इतका कोंबला होतात की मला सुईने उपसावा लागला.”

“तेव्हाच ओळखलं होतंत?”

“नाही,” मी म्हणाले. खोटे बोलणे शक्य होते, पण त्या खोलीत ते जमेना. “आज ओळखलं.”

“पहिल्यांदा खरंच गळत होती, हाज्जा. त्या दिवशी तुम्ही तासभर बोललात. कापसाबद्दल, तुमच्या वडिलांबद्दल. त्याआधी पाच दिवस मी कुणाशी बोललो नव्हतो. घरी गेलो तर टाकी उत्तम चालायला लागली. आता काय करायचं?”

“येऊन बसायचं.”

“रिकाम्या हाताने? काम नसेल त्याने थांबू नये. ती पाटी कुणाची आहे?”

मी विषय बदलला. माझ्या आयुष्यात असे फार थोड्या वेळा झाले आहे.

“पिन उलटी कशी फिरवलीत?”

“टाकी भरलेली होती. पालथी केली तर सांडलं असतं. मग उभीच धरली आणि खालून माझा चाकू लावला. वरून बघत होतो. ढिली करतोय असं वाटलं.”

“खालून फिरवायची आणि वरून दिशा धरायची? आत गेली ती.”

“तीस वर्षं जहाजांना डावं-उजवं सांगितलं मी,” कप्तान म्हणाले आणि हसले. “जिन्यात म्हटलं बटण दाबून बघावं, खरंच बंद पडलीय ना. नाहीतर तुमच्यासमोर चालू व्हायची आणि फजिती.”

परिचारिका औषध देऊन गेली. मग ते हळू आवाजात म्हणाले, “शरीफ मला नेईल. जाऊ दे. तुम्ही खरं तेच सांगा, हाज्जा. तुमचं नाव एकट्या तुमचं नाही, तुमच्या वाडवडिलांचं आहे. मी अडवणार नाही.”

एक जुनी गोष्ट मात्र त्यांनी काढली नाही. काढली असती तर मी कदाचित वाद घातला असता.

त्र्याऐंशी साली मी सत्तावीस वर्षांची होते आणि सब्रींच्या दुकानात नुकतीच एकटीने काम करू लागले होते. हिल्मींच्या आईचा स्टोव्ह मी जोडून दिला. बर्नरखालची शिशाची चकती बसवायची विसरले. स्टोव्ह भडकला, स्वयंपाकघर काळे झाले, हिल्मींचा दंड भाजला. चौकशीला आलेल्या शिपायाने मला बोलावले. बाईमाणसाच्या हातात हत्यार दिल्याबद्दल सब्रींचे दुकान बंद करायला गल्लीतले अर्धे लोक टपलेलेच होते. हिल्मींनी जळक्या स्टोव्हचा सांधा उघडून पाहिला. मी त्यांना पाहताना पाहिले. चकती नव्हती, हे त्यांना कळले होते. त्यांनी सांधा मिटला आणि शिपायाला म्हणाले, “ह्या मुलीची चूक नाही. पंप मीच जास्त मारला.”

मी गप्प राहिले. त्या दिवशी, आणि त्यानंतर चाळीस वर्षे. आभार मानले असते तर चूकही मान्य करावी लागली असती.

मी खाटेजवळून उठले. “विश्रांती घ्या. उद्या सकाळी दहाला फौजदार दुकानात येणार आहेत. तुम्हालाही आणतील.”

“काय सांगणार आहात?”

“जे ठरवीन ते.”

७

रविवारी चौघेजण माझ्या दुकानात कसेबसे मावले. फौजदार स्टुलावर, कप्तान खुर्चीत, शरीफ दाराशी. टेबलावर ती टाकी होती. तिच्या बुडाची तुटकी लाल रेघ, ओरबाडलेली खाच, बिघाडांची वही. सारे माझ्या हाताच्या अंतरावर होते. पाच मिनिटांत मी ते जुळवून दाखवले असते आणि गल्ली वर्षभर तेवढेच बोलत राहिली असती.

“बोला, हाज्जा,” फौजदार म्हणाले. “काय निघालं?”

“लिहा. पिन मी बसवली. ती बाहेर आहे की नाही हे तपासायचं राहिलं. चूक माझ्या हातची.”

फौजदारांची लेखणी थांबली. “मग ती आठवडाभर चालली कशी?”

“पिन हळूहळू आत सरकली. ढिली राहिली असणार. ते पण माझंच काम.”

“विचार करून सांगताय ना?”

“मी एक गोष्ट दोनदा सांगते असं तुम्हाला कुणी सांगितलं?”

ते लिहू लागले. शरीफने खाली पाहिले, मग फोन कानाला लावून तो बाहेर गेला. “एकच तिकीट,” तो कुणाला तरी म्हणत होता. “हो, दुसरं रद्द. बाबा इथेच राहतील.”

कप्तान खुर्चीतून उठले. “फौजदारसाहेब, हे असं नाही. मी...”

“बसा, कप्तान.”

“हाज्जा, हे दुकान तुमच्या...”

“त्र्याऐंशी साली मी गप्प बसले होते,” मी त्यांनाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. “सोपं नसतं ते. आता तुम्ही बसा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. जिन्यातल्या त्या सकाळपासून पहिल्यांदाच. त्यांना सारे आठवले, हे मला दिसले. आणि मीही ते विसरले नव्हते, हे त्यांना दिसले. ते सावकाश खाली बसले.

फौजदारांनी कागद पुढे केला. पुन्हा हत्यार हाती धरणार नाही, असे त्यात शेवटी लिहिले होते. उद्यापासून सकाळी उठून मी कुठे जाणार, ह्याचा विचार मी सहीच्या आधी केला नाही. शह्हात, बयूमी आणि सब्री ह्यांची नावे लावून मी पूर्ण सही केली, कारण सही अर्धी करायची आमच्यात पद्धत नाही.

एका वाक्याचे देणे होते. ते मी एका वाक्याने, पूर्ण फेडले.